नौकेचे छत व त्यास पाडावयाची दोन भोके

फ्लोरिडाच्या आग्नेय किनाऱ्यावर, जेथे गल्फ स्ट्रीम हा उष्ण प्रवाह जमिनीच्या इतका निकट येतो की न्याहारी आटोपून निघालेला मनुष्य दुपारच्या भोजनापूर्वी खोल निळ्या पाण्यात गळ सोडून बसलेला असतो, तेथे हौसेखातर मासेमारीची नौका बाळगणाऱ्या गृहस्थाच्या आयुष्यात एक प्रसंग अटळपणे येतो. धक्क्यावरील शेजाऱ्याच्या नौकेच्या छतावर दोन्ही अंगांस लांबलचक काठ्या आहेत आणि आपल्या छतावर त्या नाहीत, ही गोष्ट त्याच्या ध्यानात येते. त्या घटकेपासून त्याची निद्रा नाहीशी होते. प्रस्तुत मार्गदर्शन अशा निद्राहीन नौकास्वामींच्या सोयीसाठी सिद्ध केले आहे.

या काठ्यांस आउटरिगर म्हणतात. आपल्या मालवणकडील होडीच्या उलांडीशी त्यांची गल्लत करू नये. उलांडी पाण्यावर टेकून होडीला उलटण्यापासून वाचविते, तर या काठ्या हवेत राहतात आणि नौकेस वाचविण्याच्या कामी त्यांचा काडीइतकाही उपयोग नाही. नौका सहा ते आठ नॉट वेगाने चालली असता मागून ओढल्या जाणाऱ्या दोऱ्या परस्परांत गुंतू न देणे, आमिष पंख्याने घुसळलेल्या फेसाबाहेर स्वच्छ पाण्यात नाचविणे, आणि माशाने झडप घालताच चिमट्यातून दोरी निसटून ती क्षणभर सैल पडेल व सेलफिशला आमिष नीट तोंडात घेण्यास अवधी मिळेल अशी तजवीज करणे, एवढेच त्यांचे कार्य. अर्नेस्ट हेमिंग्वे याने 1934 साली ब्रुकलिनच्या व्हीलर कारखान्याकडून घेतलेल्या 38 फुटी ‘पिलार’ नौकेवर अशा काठ्या होत्या. परंतु त्याच्या ज्या कथेला पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ म्हणून मराठीत आणले, तीतील म्हातारा अठरा फुटांचा मासा नुसत्या हातातल्या दोरीवर धरतो. हा दाखला, खर्चाला मंजुरी मिळेपर्यंत तरी, घरच्या मंडळींच्या दृष्टीस पडू देऊ नये.

प्रथम जागा मुक्रर करावी. काठी ज्यात बसते ती बैठक छताच्या वर आणि ती फिरविण्याची मूठ छताच्या खाली येत असल्यामुळे, सुकाणूपाशी उभ्या असलेल्या मनुष्याचा हात त्या मुठीपर्यंत पोहोचला पाहिजे. शिवाय काठ्या मिटून मागे वळविल्या असता रडारचा घुमट, अँटेना व दिवे यांपैकी कोणाशीही त्यांची टक्कर होता कामा नये. पुठ्ठ्याचा नमुना कापून तो चिकटपट्टीने छतावर डकवावा, अंतरे मध्यरेषेपासून मोजावीत, आणि मग खाली उतरून धक्क्यावर लांब जाऊन पाहावे. डावी बाजू उजवीपेक्षा वर दिसेल. नौका एका अंगास कललेली असते म्हणून ती तशी दिसते, की आपलेच मोजमाप चुकले आहे, याचा निर्णय करण्यात उरलेला दिवस सत्कारणी लागतो.

आता मुख्य विधी, अर्थात सुस्थितीत असलेल्या, एक थेंबही न गळणाऱ्या आणि ज्याचे हप्ते अद्याप फिटावयाचे आहेत अशा छतास, आपल्याच हाताने, विजेचे गिरमिट लावणे. त्यापूर्वी छताच्या पोटातून रेडिओच्या व दिव्यांच्या तारा कोठून गेल्या आहेत याची रुजुवात करून घ्यावी. ही तसदी न घेणाऱ्यास तारांचा मार्ग कळतो खरा, परंतु तो रेडिओ बंद पडल्यावर. आधी बारीक भोक वरून पाडावे व खाली एक स्नेही उभा करावा, ज्याचे काम गिरमिटाचे टोक कोठे बाहेर आले एवढेच सांगणे असून, ते तेथे यावयास हवे होते काय याविषयी त्याचे मत विचारू नये. मग मोठ्या भोकासाठी गोल करवत लावताना ती प्रथम उलट दिशेने फिरवून चकचकीत लेपावर वर्तुळाकार चर पाडावा आणि त्यानंतर सुलट चालवावी, म्हणजे लेपाचे कपचे उडत नाहीत. करवतीच्या पोटात छताची जी चकती अडकून येते ती टाकून न देता निरखून पाहावी. वर-खाली फायबरग्लासचे दोन पातळ पापुद्रे आणि मध्ये बाल्सा लाकूड किंवा फोम. म्हणजे ज्यावर आपण निःशंकपणे चढून बसलो होतो त्या छताचा बराचसा भाग हलका भुसभुशीत गर आहे. या गरात पाणी शिरले की बाल्सा कुजतो आणि छत पायाखाली मऊ लागू लागते. यास्तव भोकाच्या कडेने तो गर थोडा आत खरवडून काढावा, घट्ट कालविलेल्या इपॉक्सीची लांबी तेथे ठासून भरावी, ती वाळू द्यावी आणि त्याच जागी भोक पुनश्च पाडावे. पाडलेले भोक बुजवून पुन्हा पाडणे हे ज्याला मूर्खपणाचे वाटते त्याची वृत्ती मूलतः किनाऱ्यावर राहणाऱ्याची आहे, असे आमचे मत झाले आहे.

बैठकीखाली, छताच्या आतल्या बाजूस, ॲल्युमिनियमची रुंद पट्टी घालण्यास अनेकांचा आळस असतो. त्यांच्यासाठी थोडे गणित. पंधरा फुटी काठीच्या टोकास पाच किलोचा झटका बसला आणि बैठकीच्या बोल्टांमधील अंतर अर्धा फूट असले, तर एका बाजूचे बोल्ट दीडशे किलोच्या ओढीने छतातून उपटू पाहतात. समुद्राच्या प्रत्येक लाटेबरोबर हीच ओढ मागे-पुढे चालू राहते, आणि पट्टी नसली तर ती सारी नटाखालच्या इवल्याशा वॉशरच्या माथी येते.

बोल्ट 316 जातीच्या स्टेनलेस पोलादाचे घ्यावेत. नट मात्र यंत्राने गरगर फिरवू नयेत. स्टेनलेसवर स्टेनलेस तापले की दोन्ही जन्माचे सोबती होतात व अखेर करवतीने कापावे लागतात. सीलंटच्या बाबतीत 5200 क्रमांकाचा पॉलियुरेथेन लावण्याचा मोह होतो. तो पुरता कठीण होण्यास आठवडाभर लागतो आणि त्यानंतर बैठक काढावयाची झाल्यास छतासह काढावी लागते, तेव्हा आपल्या निर्णयांवर ज्याची अढळ श्रद्धा आहे त्यानेच तो वापरावा. इतरांस 4200 पुरे.

काठ्या उभ्या राहिल्या म्हणजे कारभार संपला असे नाही. किनाऱ्यालगतच्या जलमार्गावर उघडझाप करणारे पूल आहेत, आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमांतील एका कलमान्वये, नौकेवरील खाली घेता येण्याजोगी व नौकानयनास अनावश्यक अशी उपांगे उतरविल्यावर जर ती पुलाखालून सुखरूप जाऊ शकत असेल, तर पूल उघडण्याची मागणी करण्यास मनाई आहे. म्हणजे ज्या काठ्यांसाठी आपण इतक्या सुट्ट्या आणि इतके डॉलर खर्ची घातले त्या अनावश्यक आहेत, याची नोंद सरकारी दप्तरी आपल्या आधीच झालेली होती. पुलावरच्या कामगाराशी यावरून हुज्जत घालू नये.

शेवटी प्रत्यक्ष मासेमारी. दोन्ही काठ्यांवर दोऱ्या चढवून झाल्यावरही एक गळ नौकेच्या पिछाडीहून, कोणत्याही काठीचा आधार न देता, सरळ मागे सोडण्याची रीत आहे, आणि मासा पुष्कळदा नेमका याच गळाला लागतो. अशा वेळी विचलित न होता, ‘डाव्या काठीवरील आमिषाच्या मोहाने आला व गडबडीत मधला गळ घेतला’ अशी नोंद वहीत करावी. मासा सेलफिश असल्यास त्याला जिवंत परत सोडण्याचा हल्ली प्रघात आहे. तो अवश्य पाळावा, म्हणजे याबाबत उलट जबानी देणारा साक्षीदारही राहत नाही.