असईचा हत्ती

(जालना. भंगाराचं गोदाम. वजनकाट्याशेजारी एक संग्राहक पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बसलेला.)

भंगारवाला: सर, सकाळपासून हे तिसरं पोतं. काही हरवलं का?

संग्राहक: हरवलं नाही. सापडायचंय.

भंगारवाला: मग अवघड आहे. हरवलेलं निदान आपलं तरी असतं.

संग्राहक: बिल्ला शोधतोय. ग्लासगोच्या हायलँड लाइट इन्फंट्रीचा. त्यातही राखीव बटालियनचा मिळाला तर सोनं!

भंगारवाला: सोनं शेजारच्या गल्लीत. आपल्याकडं लोखंड, पितळ अन् जर्मन. राखीव म्हणजे?

संग्राहक: दिवसा कारकुनी नाहीतर फिटरचं काम, संध्याकाळी कवायत, वर्षातून एक शिबिर. अशा हौशी तुकड्या एकत्र करून ब्रिटननं 1908 मध्ये टेरिटोरियल फोर्स उभा केला. आपली टेरिटोरियल आर्मी 1949 ची, त्याच जातकुळीतली.

भंगारवाला: एनसीसीच की. आमचा पोरगा जायचा, नाश्त्यासाठी.

संग्राहक: नाश्ता कसला! ही पोरं 1915 मध्ये गॅलिपोलीला गेली, तुर्कांच्या तोफांपुढं!

भंगारवाला: अरारा. हे भरती करताना सांगितलं नसंल.

संग्राहक: त्यांच्या खांद्यावर पितळी अक्षरं असत. वर टी, मध्ये बटालियनचा आकडा, खाली एचएलआय.

भंगारवाला: टी म्हणजे चहा?

संग्राहक: टेरिटोरियल! टी नसला तर तो पक्का पगारी शिपाई. मला टीवाला हवा. त्याला मी जास्त पैसे मोजीन.

भंगारवाला: पर्मनंटपेक्षा टेंपरवारीला भाव जास्त? सर, हे फक्त तुमच्याच धंद्यात.

संग्राहक: जालन्यात इंग्रजांची छावणी होती, म्हणून आशा आहे.

भंगारवाला: कधीपर्यंत होती?

संग्राहक: 1903.

भंगारवाला: अन् तुमचे टीवाले?

संग्राहक: 1908.

भंगारवाला: म्हणजे छावणी उठली, मग पाच वर्षांनी हे जन्मले. अन् तुम्ही माझं पोतं उपसू राहिले!

संग्राहक: (हात न काढता) संग्राहकाला असले आकडे आडवे येत नाहीत.

भंगारवाला: बरं, टोपीवरचा बिल्ला दिसतो कसा? माझ्या नजरेला पडला तर ठेवीन.

संग्राहक: पांढऱ्या धातूचा. तारा, त्यात शिंग, वर मुकुट. खाली पट्टीवर नाव, नावाखाली हत्ती.

भंगारवाला: नाव कुणाचं?

संग्राहक: असई.

भंगारवाला: (काटा सोडून) कोणती असई?

संग्राहक: आपल्या जालना जिल्ह्यातली.

भंगारवाला: अहो, ते माझं गाव! तिथं इंग्रज काय करू राहिले होते?

संग्राहक: 23 सप्टेंबर 1803. केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज; समोर वेलस्ली, पुढं ज्यानं नेपोलियनला हरवलं तो. त्याच्या 74 व्या पलटणीचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले नाहीतर जखमी झाले. पण लढाई त्यांनी जिंकली, म्हणून मानाचा हत्ती मिळाला. 1881 मध्ये ही पलटण हायलँड लाइट इन्फंट्रीत गेली, हत्तीसकट.

भंगारवाला: अन् आपलं काय गेलं?

संग्राहक: शंभराच्या आसपास तोफा.

भंगारवाला: पितळी?

संग्राहक: बऱ्याचशा पितळी, काशाच्या.

भंगारवाला: (कॅल्क्युलेटर काढून, थोड्या वेळानं परत ठेवून) नको. दोनशे वर्षांचं नुकसान आता हिशोबात नाही धरत. पण वावर आमचं, गाव आमचं, अन् हत्ती ग्लासगोला?

संग्राहक: अगदी तसंही नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासी पलटणीही तिथं लढल्या. आपल्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हात आजही तो हत्ती आहे.

भंगारवाला: म्हणजे ग्लासगोत असई, मद्रासमध्ये असई. अन् आमचा पोरगा लग्नाच्या बायोडाट्यात गाव लिहितो जालना!

संग्राहक: का?

भंगारवाला: असई लिहिलं की मुलीवाले फोन करत नाहीत. खेडं म्हणतात. अन् ते कारकून-फिटर परक्या मुलखात आमचं गाव डोक्यावर घेऊन हिंडले!

संग्राहक: आता कळलं मी पोती का उपसतो ते?

भंगारवाला: कळलं. (चौथं पोतं ओढत) सरका, मीबी बघतो. सापडला तर बिल्ला तुमचा, मला फक्त फोटो द्या.

संग्राहक: कशाला?

भंगारवाला: बायोडाट्यात वर गणपती असतो ना, त्या जागी लावतो. हत्तीच तो. खाली गावाचं नावबी आपोआप आलं.

संग्राहक: नाव हत्तीच्या वर असतं. आणि शेजारी ते टी लावायचं का?

भंगारवाला: नका हो! मुलीवाले विचारतील, पोरगा पर्मनंट नाही का?