सुकाणूशेजारचे बाकडे

सात मीटरच्या खासगी स्पीडबोटीत पुढे दोन खुर्च्या असतात. उजवीकडची सुकाणूमागची, ती तांडेलाची. डावीकडची तिच्या जोडीची. हिच्यापुढे सुकाणू नसते, गिअरचा दांडा नसतो, काटे फिरणारी घड्याळे नसतात. असते एक काच, एक हवाबंद म्हणवणारा कप्पा आणि धरायला स्टीलची दांडी. ही डावी खुर्ची उपटून तिथे बाकडे बसवावे, हा विचार बोटमालकाच्या घरात बहुधा दुसऱ्या हंगामात निघतो. तो का निघतो, हे कळण्यासाठी खुर्ची दुकानात पाहून चालत नाही. ती गेटवे ऑफ इंडिया ते मांडवा या वाटेवर पाहावी लागते.

ही वाट सरळ रेषेत पंधरा किलोमीटरच्या आत भरते. सडकेने पनवेल, पेण, वडखळ असे फिरून गेले तर शंभराच्या आसपास. प्रवासी लाँच साधारण तासाभरात पोचते, स्पीडबोट अर्ध्या तासाच्या आत. या अर्ध्या तासात डाव्या खुर्चीत कोणी बसायचे, यावर घरात आदल्या रात्रीपासून खल चालतो.

सुकाणू उजवीकडे असण्याला दोन चांगली कारणे आहेत. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांनुसार यंत्राने चालणाऱ्या दोन बोटींच्या वाटा एकमेकींना छेदत असतील, तर जिला दुसरी बोट उजव्या हाताला दिसते तिने वाट द्यायची. म्हणजे तांडेलाला उजवीकडचे स्वच्छ दिसले पाहिजे. दुसरे कारण पंख्याचे. एकच पंखा असलेल्या बोटीत तो सहसा मागून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो आणि त्याच्या उलट जोराने बोटीचे अंग डावीकडे कलू पाहते; उजवीकडे बसलेल्या तांडेलाचे वजन ते थोडेफार सावरते. डाव्या खुर्चीचे शास्त्रशुद्ध काम नजर ठेवण्याचे. त्याच नियमावलीतला पाचवा नियम सांगतो की डोळे आणि कान उघडे ठेवून सतत पहारा द्यावा. तरंगते ओंडके, मच्छीमारांच्या जाळ्यांची बोयरी, अंधारात दिवा न लावता निघालेली होडी, हे सगळे त्या खुर्चीतल्या माणसाने वेळेवर सांगावे अशी अपेक्षा आहे.

प्रत्यक्षात त्या खुर्चीत जावई बसतो. ती एकटी, उंच, हातवाली आणि सर्वांच्या पुढे असल्यामुळे तिचा दुसरा काही उपयोग कोणाला सुचत नाही. जावई नसेल तर परदेशातून आलेला पुतण्या, तोही नसेल तर सोसायटीचे सेक्रेटरी. मालक स्वतः मागे, आइसबॉक्सवर.

चढण्याचा प्रकार गेटवेच्या पायऱ्यांवर होतो. उधाणाच्या दिवसांत इथे भरती-ओहोटीच्या पाण्यातला फरक चार मीटरांहून जास्त असतो. भरतीला बोट पायरीशी घसटून उभी राहते. ओहोटीला तीच बोट शेवाळलेल्या पायऱ्यांच्या तळाशी गेलेली असते, आणि बऱ्याचदा मध्ये दुसऱ्या दोन बोटी ओलांडायच्या असतात. उडी मारणारा माणूस पहिल्यांदा दिसेल ती उंच वस्तू धरतो, आणि बोटीत सर्वांत उंच वस्तू म्हणजे डाव्या खुर्चीची पाठ. खुर्ची फिरती असते. फिरती खुर्ची आधाराला घेण्याजोगी नाही, हे ती धरल्यावर कळते. तिला फिरू न देणारी खिट्टी असते. ती कारखान्यातून निघाल्यावर पहिल्या हंगामापुरती लागते.

वेळेचाही खुर्चीशी संबंध आहे. सकाळी जमिनीकडून मतलई वारे वाहत असतात आणि बंदरातले पाणी बऱ्यापैकी सपाट असते. दुपारकडे पश्चिमेचे खारे वारे सुटतात आणि बंदराच्या तोंडाशी आखूड, चिडक्या लाटा उठतात. म्हणून निघायचे ते सहाला, असे ठरते; पोहे, चहा, विसरलेला चार्जर आणि तो आणायला गेलेला माणूस यांची गाठ पडून बोट साडेअकराला सुटते.

पहिली दहा मिनिटे खुर्चीची शान राहते. डावीकडे नांगरलेली मालवाहू जहाजे, दूर जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या. उजवीकडे कुलाब्याचा किनारा, आणि हवा स्वच्छ असेल तर पार टोकाला १८७५ चा प्राँग्ज दीपस्तंभ. मागे वळून नौदलाच्या जहाजांचा फोटो काढू पाहणाऱ्या जावयाला तांडेल नम्रपणे म्हणतो, "साहेब, तिकडं नको." मोबाइल खाली जातो, खुर्ची मात्र वळलेलीच राहते, आणि जावईबापू पुढची दोन मिनिटे सासूबाईंकडे तोंड करून प्रवास करतात. बोलायला विषय नसतो. हिवाळ्यात मागून येणाऱ्या सीगल पक्ष्यांमुळे ही कोंडी थोडी सुटते.

कुलाब्याचे टोक मागे पडले की पश्चिमेकडून मोकळ्या समुद्राची लाट लागते. बोट दक्षिणेकडे चाललेली, वारा उजवीकडून. नाळ लाटेवर आपटते, उजवीकडून फवारा उडतो आणि वाऱ्याबरोबर बोट ओलांडून डाव्या खुर्चीवर उतरतो. परतीच्या वाटेवर वारा डावीकडून असतो, तेव्हा पहिला मान पुन्हा तिचाच. शिवाय बोटीत जितके पुढे बसावे तितके आपटणे जास्त. मागच्या तिसऱ्या हिश्श्यात ते सर्वांत कमी असते, जिथे मालक आइसबॉक्सवर सुखाने बसलेला आहे. मानाची जागा आणि बरी जागा एकच असावी, अशी व्यवस्था जहाजबांधणीत नाही.

खरा घोटाळा खुर्चीच्या पायाशी असतो. सगळी खुर्ची एका खांबावर, खांब एका चकतीवर, आणि चकती चार-सहा स्क्रूंवर. ऐंशी किलोचा माणूस बोट आपटताना क्षणभर त्याच्या दुप्पट वजनाचा होतो, आणि तो सारा जोर लांब दांड्याने उपटल्यासारखा त्या स्क्रूंवर येतो. फायबरच्या डेकच्या पोटात अनेक बोटींत प्लायवूड असते. स्क्रूची भोके सैलावली की खारे पाणी आत झिरपते, प्लाय कुजते, आणि खुर्ची डुलू लागते. मालक मोठे स्क्रू मारतो. मोठ्या स्क्रूंची भोके मोठी, तेवढे पाणी जास्त. तिसऱ्या खेपेला खुर्ची पाहुण्यासकट कलते, आणि त्या रात्री बाकड्याचा ठराव एकमताने मंजूर होतो. जावई तटस्थ राहतात.

ठराव झाला की पहिली चूक सुताराची निवड. घरचा सुतार उत्तम असतो. त्याने दिवाणखान्यातला सोफा केलेला असतो, आणि बोटीचे बाकडेही तो त्याच भक्तिभावाने करतो. प्लायवर त्याचे एकमत होते, कारण 'सातशे दहा' हा शब्द त्यालाही ठाऊक आहे: आयएस ७१० हे मरीन प्लायचे भारतीय मानक. मतभेद खिळ्यांवरून होतात. साधे खिळे एका पावसाळ्यात तांबडे पाणी सोडतात. ३१६ जातीचे स्टेनलेस स्टील हवे. ते महाग पडते म्हणून वरून दिसणारे स्क्रू ३१६ चे आणि आतले घरातल्या डब्यातले, अशी तडजोड होते. प्लायच्या कापलेल्या कडांना रेझिन पाजायचे असते, कारण पाणी कडेनेच शिरते; सुतार त्याऐवजी कडेला सनमायकाची सुरेख पट्टी लावून देतो.

फायबरचे काम जाणणाऱ्या कारागिराची पद्धत निराळी. तो आधी जुन्या भोकांच्या भोवतालचे कुजके प्लाय खरवडून काढतो, जागा वाळू देतो आणि रेझिनने भरतो. मग बाकडे खोक्यासारखे बांधतो, म्हणजे वजन चार स्क्रूंऐवजी चारही कडांवर पसरते. नट-बोल्ट आरपार घेऊन डेकखाली रुंद पट्टी देतो. खोक्याच्या तळाला पाणी वाहून जायला भोक ठेवतो. हे भोक पाहून घरातल्या वडीलधाऱ्यांना नेहमी धक्का बसतो. बोटीला मुद्दाम भोक पाडणारा माणूस त्यांना पटत नाही. ते भोक तळाच्या पंपाकडे जाते, बाहेर नव्हे, हे त्यांना समजावून सांगण्यात अर्धा दिवस जातो आणि तो कारागिराच्या मजुरीत धरलेला नसतो.

बाकडे आडवे घालावे की उभे, हा प्रश्न शास्त्राचा असूनही मतदानाने सुटतो. आडव्या बाकड्यावर माणसे पुढे तोंड करून बसतात, क्षितिज दिसते आणि मळमळ कमी होते. कानातल्या तोलाच्या इंद्रियाला जे जाणवते तेच डोळ्यांना दिसत असल्याने मेंदूचा गोंधळ होत नाही. पण माणशी अठरा इंच धरले तर आडव्यावर जेमतेम दोघे मावतात. कडेने लावलेल्या सहा फुटी उभ्या बाकड्यावर चौघे. चार ही संख्या दोनपेक्षा मोठी असल्यामुळे उभे बाकडे निवडून येते. त्यावर बसणारा मांडव्याकडे कुशीने जातो. तांडेलाने वेग कमी केला की चौघेही गुळगुळीत रेक्झिनवरून पुढे सरकतात आणि सगळ्यांत पुढचा, जो सहसा सगळ्यांत किरकोळ असतो, काचेला टेकतो. मधे धरायला दांडी बसवावी, असे दर खेपेला ठरते.

इथपर्यंतचा विचार चौघांचा झाला. खुर्चीत एकच माणूस बसतो, याबद्दल कोणाला शंका नसते; बाकड्याचे तसे नाही. लोकलमध्ये तिघांच्या सीटवर चौथी सीट मागून मुंबईकर मोठा झालेला आहे. चार जणांचे बाकडे दिसले की तो "जरा आत सरका" म्हणतो, आणि आतले चौघे, समुद्रात आत सरकायला कुठे जागा आहे याचा विचार न करता, सरकतात. पाचवा एका मांडीवर बसतो. पाच जण म्हणजे साडेतीनशे किलो, आणि सगळे डावीकडे, ज्या बाजूला पंखा आधीच बोट कलवतो आहे. उजवीकडे एकटा तांडेल. बोट एका कुशीवर धावू लागते, आणि समोरून येणारी होडी पाच डोक्यांमागे दिसेनाशी होते. परवान्यावर लिहिलेली प्रवाशांची संख्या बाकड्याच्या लांबीने वाढत नाही, हे तांडेल सांगतो. "सगळी नातेवाईकच आहेत," असे उत्तर मिळते. मग दोघांना उजवीकडे, आइसबॉक्सच्या शेजारी पाठवतात. मालक उभा राहतो.

मांडवा जवळ आला की उजव्या हाताला दूरवर खांदेरी-उंदेरी दिसू लागतात. खांदेरीवर १६७९ साली शिवाजी महाराजांनी किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रज व सिद्दी दोघांनाही डोकेदुखी लावली, ही माहिती बाकड्यावरून द्यायला सोयीची पडते. खुर्चीतल्या माणसाला श्रोते पाठीशी असत, बाकड्यावरच्याला पळून न जाऊ शकणारे दोन्ही बाजूंना मिळतात. मात्र १९९० च्या 'अग्निपथ'मुळे मांडव्याचे नाव निघताच कोणीतरी खर्जात आपले आणि वडिलांचे पूर्ण नाव सांगू लागतो, आणि इतिहास तिथेच थांबतो.

जेट्टीला लागण्याच्या क्षणी बाकड्याचा उरलेला दोष कळतो. खोक्यात सामान ठेवता येते, हा त्याचा मोठा गुण, म्हणून लाइफ जॅकेटे, नांगर आणि दोर सगळे आत घातलेले असते. जॅकेटे वास्तविक गेटवेलाच अंगावर चढलेली हवीत. ती "गरम होतं" म्हणून आतच राहतात. दोर तर लागतोच. तांडेल "दोरी!" म्हणून ओरडतो. दोर झाकणाखाली, झाकणावर तिघे. तिघे एकदम उठतात ते जेट्टीच्याच बाजूला, बोट तिकडे कलते, उघडलेले झाकण आपटून बंद होते आणि त्यात कोणाची तरी ओढणी अडकते. पुढच्या हंगामापासून दोर बाहेर, मागच्या खुंटीवर राहतो, आणि खोक्यात फरसाण.

गाद्यांचे थोडक्यात. साधा स्पंज पाणी पितो आणि एप्रिलपर्यंत आंबूस होतो. बंद छिद्रांचा फोम घ्यावा, खालून कापडाऐवजी जाळी शिवावी. जून ते ऑगस्ट गेटवेहून मांडव्याला जाणारी लाँचची वाहतूक बंद असते आणि खासगी बोटीही बहुतेक किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्या काळात गाद्या घरी आणायच्या, झाकण अर्धे उघडे ठेवायचे, बिजागऱ्यांना तेल द्यायचे. काढलेली खुर्ची भंगारात जात नाही. ती अलिबागच्या बंगल्याच्या ओसरीवर खांब पुरून बसवली जाते, आणि तिची फिरू न देणारी खिट्टी सुतार दहा मिनिटांत दुरुस्त करून देतो.