कोअरची पाणीपट्टी

बारामती एमआयडीसीतला छोटा कारखानदार सर्व्हर घेतो आणि समजतो, खर्च संपला. खर्च तिथेच सुरू होतो. विंडोज सर्व्हरचा परवाना २०१६ च्या आवृत्तीपासून प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात. तुमच्या डब्यात ८ कोअर असले, तरी पैसे किमान १६ चे. मग आत येणाऱ्या प्रत्येक माणसाचा नाहीतर यंत्राचा ‘कॅल’, म्हणजे प्रवेशाचा परवाना, वेगळा. इंदापूरच्या गोदामातून रिमोट डेस्कटॉपवर बिल फाडायचं, तर वर आणखी एक. नीरा डाव्या कालव्याची पाणीपट्टीसुद्धा भिजलेल्या रानावर लागते. बांधावर किती जण उभे होते, हे पाटकरी विचारत नाही. माणसं २५ च्या आत असतील, तर सर्व्हरसोबतच ‘इसेन्शियल्स’ आवृत्ती मागा. तिला साधे कॅल लागत नाहीत. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये ती दिसेल, अशी वाट बघत बसू नका.