सांगून टाकू?

सदाशिव पेठेतल्या त्या जुन्या इमारतीत दारावरच्या पाटीवर त्यांचं पूर्ण नाव आहे, खाली पदवी आहे, त्याखाली ‘मिलिटरी अकाउंट्स (निवृत्त)’ असंही आहे. तरी पोस्टमन सोडला तर त्यांना कुणी त्या नावाने ओळखत नाही. सगळ्या आळीला ते पॉझकाका.

पॉझकाका हा एक माणूस नव्हे. पुण्यात दर दोन जिन्यांमागे एक तरी पॉझकाका असतोच. रहस्यपटाचा शेवट त्याला ठाऊक असतो आणि शेजारी बसलेल्याला तो ठाऊक नाही, हे त्याला बघवत नाही. हा नुसता आगाऊपणा म्हणावा तर तसंही नाही. समोरचा माणूस अज्ञानात खुर्चीचे हात घट्ट धरून बसलाय, आणि आपल्याजवळ उतारा असून आपण गप्प बसायचं, हे काकांच्या सज्जन मनाला पटत नाही, इतकंच.

ही जात सिनेमाहून जुनी आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडच्या पुस्तकांवर पिढ्या पोसल्या, त्या काळात हेच काका वाचनालयातल्या प्रतीत तिसऱ्या पानावर एखाद्या पात्राच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ ओढून समासात ‘हाच तो’ असं लिहून ठेवत. अक्षर सुरेख असे. पुढे टॉकीजमध्ये त्यांची कुचंबणा झाली. अंधार, मागच्या रांगेतलं ‘शूक् शूक्’ आणि डोअरकीपरची बॅटरी, या तिघांपुढे कुणाचं चालत नाही. काकांचे खरे दिवस सिनेमा घरात आला तेव्हा आले.

तेसुद्धा लगेच नाही. १९८२च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही आले, मागोमाग व्हीसीआर भाड्याने मिळू लागला. एका रात्रीत तीन कॅसेटी पाहून सकाळी परत करायच्या, आणि वाड्यातल्या प्रत्येकाने आपापली सतरंजी आणायची. पण त्या यंत्राचा पॉझ भरवशाचा नव्हता. बटण दाबलं की चित्राला हुडहुडी भरे, आडवे पट्टे येत, आणि कॅसेटवाला दम देऊन गेलेला असे की फार थांबवू नका, हेड खराब होतं. काकांना धावत्या चित्रावर बोलावं लागे. धावपळीत त्यांचा मुद्दा निसटायचा.

मग व्हीसीडी आली. पॉझ दाबला की चित्र फोटोसारखं स्थिर. काकांनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा रिमोट असा काही हातात घेतला की काकूंना तो परत कधी मिळालाच नाही.

राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ची व्हीसीडी बाजारात आली त्या आठवड्यात काकांनी डेक्कनवर जाऊन ती आणली आणि रविवारी अख्ख्या जिन्याला निमंत्रण दिलं. १९६४चा हा चित्रपट मराठीतल्या रहस्यपटांचा मेरुमणी आहे, हे मीही मानतो. गृहस्थाची बायको वारली आहे आणि हुबेहूब तिच्यासारखी एक बाई पोलिसांच्या ताब्यात सापडते; ती शपथेवर सांगते की मीच यांची बायको. पुढचं मी सांगणार नाही. कुणीतरी एकाने सांगू नये म्हणून मी हा लेख लिहितोय असं समजा.

त्या रविवारी श्रेयनामावलीतच पहिला पॉझ पडला.

“थांबा. कथा कोणाची? जयंत देवकर. कादंबरीचं नाव काय? ‘आशा परत येते’. आता मला सांगा, लेखकानेच मुखपृष्ठावर एवढं लिहून ठेवलंय, आणि मी दोन शब्द बोललो तर हिला राग येतो!”

“अहो, चालू करा,” काकू म्हणाल्या.

चालू झालं. काशिनाथ घाणेकर पडद्यावर आले. पॉझ. “हे दातांचे डॉक्टर होते बरं का. दात बघ, दात.” सगळ्यांनी दात पाहिले. घाणेकरांचा चेहरा अर्ध्या वाक्यावर थांबलेला, एक भुवई वर. पत्नीशोकाने व्याकूळ झालेल्या नायकाकडे पंधरा माणसं दंतपरीक्षेसाठी बघतायत. मग चालू. मग गदिमांचं आणि दत्ता डावजेकरांचं ते पाखरांचं गाणं आलं. आशाबाईंच्या आवाजाला मात्र काकांनी पॉझ दिला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवलं पाहिजे. गाणं संपल्यावर भरपाई म्हणून लागोपाठ दोन दिले.

व्हीसीडीच्या एका तबकडीवर साधारण सव्वा तासाचा ऐवज मावतो, म्हणून एका सिनेमाच्या दोन तबकड्या. ही सोय काकांच्या पथ्यावर पडली. तबकडी बदलताना पडदा निळा होतो, लोक पाणी प्यायला उठतात, आणि तेवढ्यात काका मधल्या कोर्टाच्या दृश्यांवर निकालपत्र वाचून घेतात. मागे एकदा ‘हा खेळ सावल्यांचा’ लावताना त्यांनी दुसरी तबकडी आधी घातली होती. अर्धा तास कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आल्यावर काका म्हणाले, “आता निवांत पाहता येईल.”

तळमजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा पुण्यातल्या फिल्म सोसायटीत जातो. तो वाद घालतो. १९६०मध्ये ‘सायको’ आला तेव्हा खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा नियम हिचकॉकने चित्रपटगृहांना घालून दिला होता, हे त्याने काकांना ऐकवलं.

“शहाणा माणूस,” काका म्हणाले. “पण आत जाऊन बाहेर आलेल्यांचं त्याने काय केलं?”

लंडनला अगाथा ख्रिस्तीचं ‘माउसट्रॅप’ १९५२पासून चालू आहे, आणि शेवट कुणाला सांगू नका अशी विनंती दर प्रयोगानंतर प्रेक्षकांना करतात, हेही त्याने सांगून पाहिलं. काका हसले. इतकी वर्षं रोज सांगावं लागतंय, यावरूनच लोक ऐकत नाहीत हे सिद्ध होतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. शिवाय ‘पाठलाग’चं गुपित आता राहिलंय कुठे? राज खोसला यांनी १९६६मध्ये सुनील दत्त आणि साधनाला घेऊन ‘मेरा साया’ केला, उदयपूर दाखवलं, मदन मोहनचं संगीत दिलं, बरेलीच्या बाजारात झुमका पाडला, आणि सगळ्या हिंदुस्थानाला शेवट सांगून टाकला. “राज खोसलाला कुणी शूक् केलं नाही. मी सदाशिव पेठेत एका खोलीत बोललो तर गुन्हा.”

युक्तिवाद बिनतोड होता. हेच या माणसांचं वाईट असतं.

गुरुवारी मात्र त्यांच्यावर कुणी रागावत नाही. पुण्यात दुरुस्तीच्या कामासाठी वीज घालवायची तर गुरुवार. अशाच एका गुरुवारी कसलासा रहस्यपट शेवटच्या दहा मिनिटांवर आला असताना वीज गेली. काका उठले आणि उरलेला सिनेमा त्यांनी उभं राहून करून दाखवला: खुनी, इन्स्पेक्टर, किंकाळी, पार्श्वसंगीत. वीज आली तेव्हा लोक घरी गेले होते आणि कुणालाही आपण काही चुकवलं असं वाटत नव्हतं.

मला बरेच दिवस वाटायचं की काकांना रहस्य फोडण्यात आनंद आहे. तसं नाही. त्यांना रहस्य सोसतच नाही. नवा रहस्यपट आणला की आदल्या रात्री काकू झोपल्यावर ते एकटे बसून शेवट पाहून घेतात, आवाज बंद करून. पुस्तक मागून वाचतात. मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा पोहे येण्याआधीच “तुमचा होकार आहे ना?” असं विचारून मोकळे झाले होते. पत्रिकेत काय आहे, पेन्शनची फाइल कुठवर आली, डॉक्टर आत काय सांगणार, सगळं त्यांना बाहेरच्या बाकावरच कळायला हवं असतं.

‘पाठलाग’ची दुसरी तबकडी संपली तशी काकूंनी चहा ठेवता ठेवता जुना हिशोब काढला. हा सिनेमा त्यांनी दोघांनी नवा असताना टॉकीजमध्ये पाहिला होता. लग्न नुकतंच ठरलेलं, मध्ये काकूंचा धाकटा भाऊ बसलेला. मध्यंतरात काका बाहेर गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

“डोअरकीपरला चहा पाजून शेवट विचारत होते,” काकू म्हणाल्या. “त्याने सांगितलं, घाणेकरच खुनी. मग काय, उरलेला सगळा सिनेमाभर हे माझ्या भावाच्या डोक्यावरून मला सांगतायत, ‘बघ त्याचे हात, खुन्याचे आहेत.’ आणि शेवट आला तेव्हा अख्ख्या थेटरात एकटेच ओरडले. इतके, की मागच्यांनी पाणी दिलं.”

सगळे हसले. तळमजल्यावरचा मुलगा तर सतरंजीवर लोळला. काकांनी बशीतला चहा शांतपणे संपवला.

“तो डोअरकीपर,” ते म्हणाले, “मूळचा मुंबईचा होता.”