खालचा थर बघा

पुणेकर मंडईत हापूसची पेटी घेताना खालचा थर उचलून बघितल्याशिवाय पाकीट काढत नाही. तोच पुणेकर इटलीच्या सहलीला लाखांत पैसे भरतो आणि कार्यक्रमपत्रिकेचं दुसरं पान उलटतही नाही.

सगळं त्या दुसऱ्या पानावरच असतं.

कलोसियम आहे ना? आहे. आत जायचंय का? हे मात्र कुणी विचारत नाही. पत्रिकेत 'फोटो स्टॉप' किंवा 'बाहेरून दर्शन' लिहिलं असेल, तर बस थांबणार, फोटो निघणार, बस सुटणार. तक्रारीला जागा नाही, कारण तुम्ही सही केलेली असते.

निवृत्तीच्या पैशातून आयुष्यात एकदाच इटलीला निघालेल्या शिक्षिकेला इसवी सन 80 मध्ये उघडलेली ती वास्तू रस्त्यापलीकडून दाखवून परत आणायचं, हे मला मुळीच पटत नाही. 'प्रवेश तिकिटासह' हे दोन शब्द लेखी मागा. मिळत नसतील तर दुसरी सहल बघा. आणि नाव पासपोर्टवर आहे तेच कळवा. 2023 पासून कलोसियमच्या तिकिटावर नाव असतं. माहेरचं-सासरचं कोडं तिथल्या दारावर कोण सोडवणार?

सहलीआधी हॉलमध्ये बैठक होते. पहिला प्रश्न ठरलेला: रात्री वरण-भात मिळेल ना?

मिळेल हो! आता पुढचं विचारा. हॉटेलात माणशी, दर रात्री द्यावा लागणारा सिटी टॅक्स पॅकेजमध्ये आहे का? व्हेनिसमध्ये दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून 2024 पासून ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क घेतात. आधी भरलं तर 5 युरो, उशीर केला तर 10. ते कोण भरणार? रोमच्या पँथिऑनला 2023 च्या जुलैपासून तिकीट आहे. ते धरलंय का? हॉलमध्ये विचारलं तर उत्तर मिळतं. बसमध्ये विचारलं तर पावती मिळते.

आता बॅग उघडा. साजूक तूप? काढा. पेढे, आंबाबर्फी? काढा. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. ताजी फळंही रोगमुक्ततेच्या सरकारी प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. केळं, अननस, नारळ अशी मोजकीच सुटतात. मे महिन्यात भाचीसाठी मिलानला हापूस घेऊन निघालेल्या मावशीला हे लोहगावच्या घरातच कुणीतरी सांगायला हवं. तिकडच्या कस्टमवाल्याने सांगेपर्यंत आंबा कचऱ्यात गेलेला असतो.

चकली-चिवडा खुशाल न्या.

तो खायचा कुठे, हे मात्र बघून. रोमच्या स्पॅनिश स्टेप्सवर बसायला 2019 पासून बंदी आहे. डबा तर सोडाच, नुसतं टेकलं तरी दंड 250 युरोंपर्यंत जातो. व्हेनिसच्या चौकात कबुतरांना दाणे टाकायलाही मनाई आहे. आणि पदपथावर चादर पसरून विकली जाणारी ती 'ब्रँडेड' पर्स? नकली मालाच्या विक्रेत्याला दंड होतोच, घेणाऱ्यालाही होतो. तुळशीबागेतली घासाघीस तिथे अजिबात उपयोगाची नाही.

पाणी विकत घेऊ नका. रोमभर नळाच्या लहान लोखंडी खांबांतून अखंड पाणी वाहतं. पिण्याचंच असतं, थंड असतं, फुकट असतं. बाटली पुण्याहून न्या आणि भरत राहा.

स्वतःच्या हिमतीने जाणाऱ्यांनो, तुमच्यासाठी एक यंत्र. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट काढलं की काम संपलं, असं समजू नका. फलाटाजवळ भिंतीवर एक छोटी पेटी असते. तिच्या फटीत तिकीट सरकवायचं, खर्रकन आवाज येतो, कडेला तारीख-वेळ उमटते. ती उमटलेली नसेल तर हातात पैसे भरून घेतलेलं तिकीट असूनही दंड बसू शकतो. 'आम्हाला माहीत नव्हतं' हे इटालियनमध्येही चालत नाही.

व्हिसाची घाई तर विचारूच नका. प्रौढाला 90 युरो फी, नकार आला तरी परत नाही. अर्ज सहा महिने आधी करता येतो, तरी आपण जागे होतो एप्रिलमध्ये. मग 'कुठल्या देशाचा लवकर मिळतो' याची शोधाशोध. अहो, जिथे सर्वात जास्त दिवस राहणार त्या देशाकडेच अर्ज करायचा असतो! मुक्काम इटलीत आणि अर्ज भलतीकडे, मग नकारपत्र आलं की नशिबाला बोल.

विमा किमान 30,000 युरोंचा लागतो, तो एजंट काढून देतोच. पण बाबांना बीपी आहे, आईला शुगर. जुने आजार त्यात धरलेत का? पॉलिसीचा तो परिच्छेद बारीक अक्षरात असतो. मुलांनी तिकिटं काढली, शाबास. आता तो परिच्छेदही मोठ्याने वाचून दाखवा. गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, आणि आईच्या फोनमध्ये 112 हा आणीबाणीचा क्रमांक. तो कसा लावायचा, हे तिला एकदा शिकवा. शिकवताना खरंच लावायचा नाही, नुसता दाखवायचा.

बैठकीत वरण-भाताचा प्रश्न झाला की हात वर करा आणि विमा-पॉलिसीची प्रत मागा. सगळ्या हॉलसमोर मागा.