कल स्पष्ट असावा

भांडणात दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात, असं सांगणाऱ्यांनी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जरूर यावं. जाम नदीच्या अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. पात्राच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात आणि मग दोन्ही काठ दिवसभर एकमेकांवर गोटे भिरकावतात. ही गोटमार. आपण कोणाच्या बाजूचे, हा प्रश्न इथं कुणाला छळत नाही. ज्या काठावर बारसं झालं, तो काठ बरोबर.

केवढा सुटसुटीत कारभार! इतरत्र माणसं एका बाजूला कलण्यासाठी पेपर वाचतात, आकडे पाठ करतात, रात्री टीव्हीसमोर घसा कोरडा करतात आणि शेवटी शेजारी जिकडे नाही तिकडे जातात. पांढुर्ण्याने हा मधला खर्च वाचवला. शिवाय मतं हवेत विरत नाहीत. दरवर्षी शेकडो जणांना ती टाक्यांसकट घरी नेता येतात. काही घरी पोचतच नाहीत, पण एवढ्यावरून कुणी आपला काठ बदलल्याचं ऐकिवात नाही.

मूळ कारण म्हणाल तर दंतकथा. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी घेऊन निघाला, दोघं नदीत सापडली, दोन्हीकडून दगड आले, दोघंही गेली. त्यांची बाजू घेणारा काठ तेव्हा नव्हता. आजही नाही, नदीला दोनच असतात.

प्रशासन तेवढं अजून तटस्थ राहू पाहतं. (तटस्थ म्हणजे शब्दशः काठावरचा. पण इथं काठावर उभं राहून ते कसं जमावं?) गोफणीवर बंदी येते, जमावबंदी लागते, डॉक्टर आणि रुग्णवाहिका सज्ज असतात. मध्यंतरी गोट्यांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी ते नाकारले, आणि योग्यच केलं. लागून न दुखणाऱ्या मताला कोण विचारतो? २०२३ मध्ये छिंदवाड्यातून सौंसर आणि पांढुर्णा वेगळे काढून नवा जिल्हा झाला, तेव्हापासून ही काळजी वाहायला स्वतंत्र कलेक्टरही मिळाले आहेत. बंदोबस्तातल्या पोलिसाला मात्र हेल्मेट लागतं. एका बाजूच्या माणसाला गोटे एकीकडूनच येतात.

पांढुर्णेकरांनी झाड तोडून आणलं, तर झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. अंधार पडेपर्यंत ते साधलं नाही, तर दोन्हीकडची मंडळी बसून समझोता करतात. तो सकाळीच करावा, असं सुचवणारा माणूस हमखास बाहेरगावचा असतो.