कुकर बंद करा, मी लाइव्ह आहे!

‘लिंक पाठवलीय, ऐकून सांगा’ असा निरोप आला की फोन पालथा घालावासा वाटतो. हा निरोप पाठवणारे गृहस्थ तुमच्याही ओळखीत असतीलच. नुकतीच झालेली निवृत्ती, घरात एक जुना कॉम्प्युटर आणि त्यातून आपलं स्वतःचं रेडिओ केंद्र जगभर ऐकू जावं ही उमेद. अशाच एकांना त्यांच्या सोसायटीत ‘केंद्रसंचालक’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं.

लिफ्टमध्ये सापडलेल्या माणसाला ते आधी इतिहास ऐकवतात. अमेरिकेत चॅपल हिलच्या विद्यापीठातल्या डब्ल्यूएक्सवायसी या विद्यार्थ्यांच्या केंद्राने ७ नोव्हेंबर १९९४ रोजी आपलं प्रसारण इंटरनेटवर आणलं, इथून सुरुवात. चौथा मजला येईपर्यंत गाडी आइसकास्टवर पोचलेली असते. आइसकास्ट हा फुकट मिळणारा सर्व्हर. माइकमधला आवाज एक प्रोग्रॅम आवळून लहान करतो आणि त्याच्याकडे ढकलतो; हा मागेल त्याला प्रत वाटत बसतो. नेहमीचा पोर्ट ८०००. सोबत येणारा मूळ पासवर्ड ‘हॅकमी’, म्हणजे बनवणाऱ्यांनाही वापरणाऱ्यांची नस ठाऊक असावी. केंद्रसंचालकांनी तो तातडीने बदलला आणि नवा चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवला.

पहिल्या दिवशी त्यांनी समस्त नातेवाइकांना १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता धाडला. हा पत्ता राउटरने घरातल्या घरात वापरायला दिलेला; उंबऱ्याबाहेर त्याला कुणी ओळखत नाही. डब्लिनचा पुतण्या बिचारा दुपारभर तो दाबत राहिला. ‘तुमच्या आयर्लंडचं नेट तपासून घे,’ असं त्यालाच सुनावण्यात आलं. मग राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून पोर्ट उघडून झाला. तरी बाहेरचं कुणी आत येईना, कारण कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटून दिलेला. शेवटी बाहेरचा सर्व्हर भाड्याने घेतला.

त्याआधी घरच्या लाइनचा हिशेब मात्र चोख झाला होता. एका श्रोत्याला सेकंदाला १२८ किलोबिट, लाइन १०० मेगाबिटची; म्हणजे एका वेळी ७८१ श्रोते. ७८२वा आला तर त्याला काय तोंड दाखवायचं, या विवंचनेत त्यांना झोप लागली नाही. तेव्हा श्रोते दोन होते : एक त्यांचा मोबाइल, दुसरा त्यांचाच टॅब.

केंद्र सुरू झालं, आता लावायचं काय? गाणी लावायची तर हक्कदारांची परवानगी आणि पैसे. लेखक जाऊन साठ वर्षं उलटली की त्याचं लेखन मोकळं होतं, तेवढाच आधार उरला. हरि नारायण आपटे १९१९ साली गेले. तेव्हा रोज संध्याकाळी सात वाजता ‘पण लक्षात कोण घेतो’चं क्रमशः वाचन ठरलं.

काकूंचा कुकर लावण्याची वेळही सातचीच.

इथून त्या घरात जे सुरू झालं त्याला शीतयुद्धच म्हणावं लागेल. पंखा बंद, खिडक्या बंद, दाराच्या फटीला सोलापुरी चादर. मेथीवाला खाली ओरडला की संचालक बाल्कनीतून हातवारे करत. पण हे सगळे किरकोळ शत्रू. खरा शत्रू कुकर. ‘अहो, वरण शिजायला नको का?’ यावर ‘सहा वाजता शिजव’ हे उत्तर, आणि साडेआठला गार भात. एकदा पाहुणे आले म्हणून काकूंनी बंदी मोडली. कौतुकाने त्यांनी ओट्यावर मोबाइलवर नवऱ्याचं वाचनही मोठ्याने लावून ठेवलेलं. आता इंटरनेटवरचा आवाज साठत साठत येतो, वीस-पंचवीस सेकंद मागे असतो. शिट्टी झाली; ती माइकने टिपली; तीच थोड्या वेळाने ओट्यावरच्या मोबाइलमधून वाजली, माइकने पुन्हा टिपली, पुन्हा वाजली. घरात झाल्या तीन शिट्ट्या, डब्लिनला मोजल्या नऊ. पुतण्याच्या बायकोचा मेसेज आला : ‘काकू, आज राजमा का?’

त्यानंतर घरात विजेवरचा, शिट्टी न वाजणारा कुकर आला. संचालकांनी ‘नॉइज गेट’ही बसवला. ठरावीक पातळीखालचा आवाज हा पुढे जाऊच देत नाही. वाक्य संपलं की ठार शांतता. महिन्याभरात श्रोते सहावरून दोनवर आले, आणि ते दोन कोण हे वर सांगितलंच आहे.

पुतण्याला फोन गेला. तो आधी आढेवेढे घेत होता, मग म्हणाला, ‘काका, इथे दुपारी जेवताना लावायचो. मागे मेथीवाला ओरडायचा, काकू कुणाशी तरी बोलायची, शिट्ट्या व्हायच्या. आता नुसतं वाचन ऐकू येतं.’

नुसतं वाचन! दोन दिवस केंद्र ‘तांत्रिक कारणास्तव’ बंद राहिलं.

पण नाइलाजाने का होईना, मान्य करावं लागतं : हा माणूस वाचतो फार चांगलं. ओळीखाली बोट धरून, घोट घ्यायचा तर माइकपासून तोंड वळवून. कादंबरी यमूच्या तोंडून सांगितलेली. निवृत्त माणसाच्या घोगऱ्या आवाजात ती पोर बोलायला लागली की आधी हसू येतं, थोड्या वेळाने येत नाही. अंगात ताप असतानाही त्यांनी सातची वेळ चुकवली नाही, आणि ऐकणारं कुणी आहे की नाही हे आकड्यात समोर दिसत असताना चुकवली नाही.

सध्या नॉइज गेट काढलेला आहे. ‘थ्रेशोल्डचा प्रॉब्लेम होता,’ असं लिफ्टमध्ये सांगण्यात येतं. खिडकीही उघडी असते; मेथीवाला वेळेवर येतो. शिट्टीचा तेवढा प्रश्न उरलाय. जुना कुकर माळ्यावर टाकलेला. तो खाली काढा, असं संचालकांनी आडून आडून सुचवून पाहिलं. त्यावर काकूंनी विचारलं, ‘आणि माझं नाव कार्यक्रमाच्या सुरुवातीला घेणार की शेवटी?’